ती नुसती रेघ नाही

मागच्या महिन्यात माझी रूममेट एका चिप डिझाइन कंपनीच्या इंटरव्ह्यूहून परत आली, बॅग पलंगावर फेकली आणि सरळ झोपली. दुपारी चार वाजता! ती इलेक्ट्रॉनिक्सच्या शेवटच्या वर्षाला आणि मी मास कॉमवाली. आमच्यात एक अलिखित करार आहे. ती मला सर्किट समजावणार नाही आणि मी तिला 'मीडिया एथिक्स' समजावणार नाही. त्या रात्री मेसमध्ये तो करार मोडला. आमटी वाढून घेता घेता ती म्हणाली, "अगं, मला वायरनं पाडलं."

झालं असं होतं, की तिला विचारलं, "चिपवरच्या एखाद्या साध्या वायरची लांबी दुप्पट केली, मध्ये काहीच नाही, तर सिग्नलला पोचायला किती वेळ लागेल?" ही म्हणाली, दुप्पट. समोरचे सर फक्त "बरं" म्हणाले आणि पुढच्या प्रश्नाकडे वळले. बरोबर उत्तर होतं, साधारण चौपट.

खरं सांगू? मलाही दुप्पटच वाटलं होतं. पण माझं सोडा, मी वायर फक्त चार्जरची बघते. हिनं चार वर्षं डिजिटल सर्किट शिकली आहेत, ॲडर बनवलाय, छोटा प्रोसेसर बनवलाय, वर घरच्यांकडून पैसे मागून व्हीएलएसआयचा क्लाससुद्धा लावला. तिची वही मी उघडून बघितली. पानोपानी सुंदर सर्किटं. गेट पेनानं, वायरी पेन्सिलीनं, पट्टी लावून. आणि प्रत्येक गेटला डिले लिहिलेला, इतके नॅनोसेकंद, तितके नॅनोसेकंद. वायरला? शून्य. म्हणजे शून्य असंही कुठं लिहिलेलं नाही. वायरला वेळ लागतो हा विषयच नाही. ती फक्त एक रेघ.

माझं म्हणणं सरळ आहे. सध्या जिकडेतिकडे सेमीकंडक्टरची हवा आहे, कॉलेजं व्हीएलएसआयच्या ब्रँच उघडतायत, आणि आपण पोरांना ती अर्धीच चिप शिकवतोय. उरलेली अर्धी, किंबहुना जास्त अवघड अर्धी, त्या पेन्सिलीच्या रेघांमध्ये आहे.

आधी चौपटचं गणित, कारण ते कळलं की बाकीचं आपोआप कळतं. गच्चीवर पाणी मारायचा रबरी पाइप आठवा. लांब, अरुंद आणि जरा फुगणारा. नळ सोडला की दुसऱ्या टोकाला लगेच धार येत नाही, आधी अख्खा पाइप भरावा लागतो. आता पाइप दुप्पट लांब केला. एक, भरायला दुप्पट पाणी लागणार. दोन, ते पाणी दुप्पट लांबीच्या अरुंद वाटेतून रेटत न्यायचं, म्हणजे अडथळाही दुप्पट. दोन गुणिले दोन, चार. वायरचं तसंच. तिचा अडथळा म्हणजे रेझिस्टन्स. आणि शेजारच्या वायरींसोबत, खालच्या-वरच्या थरांसोबत मिळून ती जो चार्ज साठवते तो कपॅसिटन्स. दोन्ही लांबीबरोबर वाढतात आणि डिले ठरतो दोघांच्या गुणाकारावर. बारावीच्या फिजिक्समध्ये 'आरसी' सर्किट असतं ना, तेच ते. आपण ते मार्कांपुरतं करून विसरतो.

गंमत म्हणजे हे चिपवाल्यांनी शोधलेलंच नाही. ही गोष्ट समुद्राच्या तळाची आहे, आणि मला, एका पत्रकारितेच्या विद्यार्थिनीला, ती भलतीच आवडली. ऑगस्ट १८५८ मध्ये अटलांटिक महासागराखालून पहिली टेलिग्राफ केबल चालू झाली. राणी व्हिक्टोरियानं अमेरिकेच्या अध्यक्षांना ९८ शब्दांचा संदेश पाठवला. तो पोचायला लागले सुमारे १६ तास! एका शब्दाला जवळपास दहा मिनिटं. विल्यम थॉमसन नावाच्या शास्त्रज्ञानं (हेच पुढचे लॉर्ड केल्विन, तापमानातले) ही केबल टाकायच्या आधीच गणित मांडून सांगितलं होतं, की लांब केबलमधला उशीर लांबीच्या वर्गानं वाढतो. पण केबल कंपनीचे इलेक्ट्रिशियन होते वाइल्डमन व्हाइटहाउस, मूळचे सर्जन. त्यांना हा नियम मान्यच नव्हता. सिग्नल नीट येईना तेव्हा त्यांनी केबलला सुमारे २,००० व्होल्टचे झटके दिले. जोरात ढकललं की पोचेल, असा हिशेब. केबल काही आठवड्यांतच कायमची मुकी झाली. तिच्यात आधीपासूनही दोष होते म्हणतात, पण झटक्यांनी काम तमाम केलं.

थॉमसन यांचा मार्ग वेगळा होता. केबलच्या गाभ्यात तांबं जास्त घाला, म्हणजे रेझिस्टन्स कमी होईल. भोवतीचं इन्सुलेशन जाड करा, म्हणजे कपॅसिटन्स कमी होईल. आणि पलीकडच्या टोकाला इतकं संवेदनशील यंत्र ठेवा, की केबल पूर्ण भरायची वाट बघायलाच नको, जराशी हालचाल झाली की कळलं पाहिजे. १८६६ ची केबल या वाटेनं गेली. तिच्यात १८५८ च्या मानानं जवळपास तिप्पट तांबं होतं, आणि ती चालली. ती टाकणाऱ्या 'ग्रेट ईस्टर्न' जहाजानंच १८७० मध्ये मुंबई ते एडन केबल टाकली, म्हणजे हा नियम आपल्या किनाऱ्यालाही येऊन लागला.

ही गोष्ट मी रूममेटला सांगितली तेव्हा ती हसली नाही. म्हणाली, "मी पण व्हाइटहाउसच आहे." कारण इंटरव्ह्यूत पुढचा प्रश्न होता, "मग या वायरचा डिले कमी कसा करशील?" आणि हिचं उत्तर, "सर, मोठा ड्रायव्हर लावेन." म्हणजे वायरच्या सुरुवातीला जास्त ताकदीचं गेट. जोरात ढकला! त्यानं थोडा फरक पडतो, नाही असं नाही. पण वायरचा स्वतःचा रेझिस्टन्स आणि स्वतःचा कपॅसिटन्स तिथेच राहतो, त्या गुणाकाराला ड्रायव्हर हातही लावू शकत नाही. नळ कितीही मोठा बसवा, पाइप तोच.

आता तुम्ही म्हणाल, चिप नखाएवढी असते, तिच्यात कसली आलीय लांबी? मीही हेच विचारलं. तर त्या नखाएवढ्या तुकड्यात दहा-पंधरा थरांमध्ये मिळून कित्येक किलोमीटर वायर असते. आणि खरी मेख इथे आहे. ट्रान्झिस्टर लहान केला की तो जास्त फास्ट होतो. वायर लहान केली, म्हणजे बारीक केली, की ती जास्त स्लो होते. दर नव्या पिढीत वायरची रुंदी आणि जाडी दोन्ही साधारण ०.७ पट होतात असं धरा. ०.७ गुणिले ०.७ म्हणजे जवळपास निम्मं. वाट निम्मी झाली, म्हणजे तेवढ्याच लांबीचा रेझिस्टन्स दुप्पट. कपॅसिटन्स साधारण तिथल्या तिथे. चिपच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे जाणारी वायर मात्र काही आखूड होत नाही, कारण चिप तेवढीच राहते, फक्त तिच्यात आणखी गर्दी भरतात. गेट पळतंय आणि वायर रांगतेय. इंटेलचे मार्क बोर यांनी १९९५ मध्येच एका पेपरमधून हे मांडलं होतं, की खरी मर्यादा ट्रान्झिस्टरची नाही, जोडणीची आहे. १९९५! आम्ही जन्मलोही नव्हतो.

त्यानंतर जगानं जे केलं ते थॉमसन यांच्याच यादीसारखं आहे. रेझिस्टन्स कमी करायला आयबीएमनं सप्टेंबर १९९७ मध्ये ॲल्युमिनियम सोडून तांब्याच्या वायरी आणल्याचं जाहीर केलं. तांब्याचा रेझिस्टन्स एक तृतीयांशाहून जास्त कमी. मग आधीच का नाही वापरलं? तर तांबं सिलिकॉनमध्ये शिरलं की ट्रान्झिस्टर खराब करतं, आणि ॲल्युमिनियमसारखं ते कोरून आकारातही आणता येत नाही. म्हणून उलटं केलं. आधी खाच कोरायची, तिला आतून संरक्षक अस्तर लावायचं, मग तांबं भरायचं आणि वरचं घासून काढायचं. बिदरीच्या भांड्यावर खाचा कोरून चांदीची तार बसवतात, बरंचसं तसंच. या पद्धतीचं नावच 'डॅमसीन' आहे, दमास्कसच्या नक्षीकामावरून आलेलं. दुसरीकडे कपॅसिटन्स कमी करायला दोन वायरींच्या मधलं काचेसारखं सिलिकॉन डायऑक्साइड काढून कमी चार्ज धरणारे पदार्थ घातले. इंटेलनं तर १४ नॅनोमीटरच्या पिढीत काही थरांमध्ये वायरींच्या मध्ये चक्क हवेच्या फटी ठेवल्या.

पण तांब्याचीही हद्द आहे. तांब्यातला इलेक्ट्रॉन साधारण ४० नॅनोमीटर धावतो आणि मग कुठंतरी धडकतो. वायरच त्याहून अरुंद झाली, की तो सारखा भिंतींवर आपटतो. विरार लोकलच्या दारात उभं राहून आत सरकायचा प्रयत्न केला असेल, तर वेगळं सांगायला नको. त्यात ते संरक्षक अस्तरही जागा खातं, म्हणजे खरं तांबं आणखी कमी. नवा पदार्थ आणून सगळं सुटेल, हे दिवस संपत आलेत. आता बराचसा भार डिझाइन करणाऱ्या माणसावर आलाय. म्हणजे माझ्या रूममेटवर. म्हणून तिला हे यायला हवं होतं.

आणि डिझाइनवाल्याच्या हातात काय आहे, तर पुष्कळ आहे. मला सगळ्यात भारी वाटली ती रिपीटरची आयडिया. समजा एका लांब वायरला १६ मिनिटं लागतात (खरं तर सेकंदाच्या अब्जाव्या भागांचा मामला आहे, पण सोयीसाठी). तिचे चार तुकडे करा. प्रत्येक तुकडा लांबीला पाव, म्हणून त्याचा वेळ पावाचा पाव, म्हणजे एक मिनिट. चार तुकड्यांचे चार. सांध्यांवर सिग्नलला पुन्हा दम देणारे तीन रिपीटर बसवा, प्रत्येकाचं एक मिनिट धरा. एकूण सात. सोळाचे सात, आणि वायर तीच! मग लोभ सुटतो, आठ तुकडे करू. वायरचे मिनिटं होतात दोन, पण रिपीटर सात, एकूण नऊ. बिघडलं. कुठे थांबायचं हे गणितानं काढावं लागतं. शिवाय प्रत्येक रिपीटर वीज खातो, जागा खातो आणि वरच्या थरातल्या वायरला त्याच्यासाठी खाली सिलिकॉनपर्यंत उतरून पुन्हा वर चढावं लागतं. फुकट काहीच नाही.

मग बाकीच्या युक्त्या. महत्त्वाचा सिग्नल वरच्या थरातल्या जाड वायरीतून न्यायचा, खालच्या गल्लीबोळातून नाही. शेजारच्या वायरीपासून अंतर ठेवायचं, कारण शेजारीण नेमकी त्याच क्षणी उलट्या दिशेला बदलली तर आपला सिग्नल आणखी रेंगाळतो. (हे मला फार ओळखीचं वाटलं. आमच्या पीजीत शेजारच्या खोलीत गाणी सुरू असताना मी बातमी लिहायला बसते, तसंच.) आणि सगळ्यात स्वस्त उपाय, ज्यांना एकमेकांशी सारखं बोलायचंय त्यांना जवळजवळ बसवायचं. सेमूर क्रे यांनी १९७६ च्या क्रे-१ सुपरकॉम्प्युटरला इंग्रजी 'सी'च्या आकारात गोल वळवलं ते दिसायला छान म्हणून नाही. आतल्या बाजूच्या वायरी आखूड राहाव्यात म्हणून. गेमिंगवाल्यांना एएमडीचा रायझन ७ ५८००एक्स३डी माहीत असेल, २०२२ चा. त्यात जास्तीची कॅश मेमरी शेजारी न पसरवता प्रोसेसरच्या डोक्यावर चढवली. शेजारी पसरली असती तर तिच्यापर्यंतची वाट लांबली असती.

आणि काहीच जमलं नाही तर? तर उशीर मान्य करायचा आणि वेळापत्रकात त्याला जागा द्यायची. २००० साली आलेल्या पेंटियम ४ मध्ये एका सूचनेचा प्रवास २० टप्प्यांचा होता. त्यातल्या दोन टप्प्यांत काहीही गणित होत नव्हतं, फक्त सिग्नल चिपवर इकडून तिकडे पोचत होता. वहीतल्या शून्य वेळाच्या रेघेला इथे अख्खे दोन टप्पे!

आता माझा मूळ मुद्दा. हे सगळं अभ्यासक्रमात नाहीच, असं मी म्हणत नाही. रूममेटच्या शेवटच्या वर्षाच्या विषयात 'इंटरकनेक्ट' आहे, शेवटच्या युनिटमध्ये, आणि ते सबमिशनच्या आठवड्यात एका लेक्चरमध्ये उरकलं गेलं. मी तिच्या एका सरांना भेटून हे विचारलं. त्यांचं म्हणणं मला पटण्यासारखं वाटलं, म्हणून इथे देते. ते म्हणाले, "सगळं एकदम शिकवता येत नाही. शून्य-एकची दुनिया आधी स्वच्छ समजली पाहिजे. पहिल्याच दिवशी वायरचा उशीर सांगितला तर मुलं गेटलाही घाबरतील. आणि ही सॉफ्टवेअर महाग असतात, लायसन्स कोण घेणार?"

पहिला भाग मान्य. शाळेत आपणही घर्षण नसलेला उतार शिकतोच की. पण मास्तर निदान "घर्षण नाही असं समजा" म्हणतात. इथे "वायरला वेळ लागत नाही असं समजा" हे वाक्यसुद्धा कुणी म्हणत नाही, आणि चार वर्षांनी मूल ते खरंच समजून बसतं. ते एक वाक्य सेकंड इयरला म्हणायला कसलंच लायसन्स लागत नाही.

आणि लायसन्सचं कारण आता पुरेसं नाही. आयआयटी मुंबईच्या 'फॉसी' प्रकल्पाचं 'ईसिम' हे सर्किट सॉफ्टवेअर मोफत आहे. त्यात दहा रेझिस्टर आणि दहा कपॅसिटरची शिडी मांडली की वायर तयार. वीस-वीसची मांडली की दुप्पट वायर, आणि चौपट स्वतःच्या डोळ्यांनी दिसतं. एका प्रॅक्टिकलचं काम. अख्खी चिप मांडून बघायची तर 'ओपनरोड' हे सॉफ्टवेअर मोफत आहे, आणि त्याला लागणारी कारखान्याची माहिती २०२० मध्ये गूगल आणि स्कायवॉटर यांनी १३० नॅनोमीटरसाठी खुली केली आहे. जुनं तंत्रज्ञान आहे, पण शिकायला काय हरकत?

त्याहून जास्त मला चुटपुट लागली ती दुसऱ्याच गोष्टीची. मेसमधल्या त्या रात्रीनंतर रूममेटनं थर्ड इयरचं प्रोजेक्ट पुन्हा उघडलं. कॉलेजच्या एफपीजीए बोर्डवर केलेलं, ए ग्रेड मिळालेलं. त्यात सॉफ्टवेअर आपोआप टायमिंग रिपोर्ट देतं. सगळ्यात हळू वाटेला एकूण किती वेळ लागला, त्यातला 'लॉजिक'चा किती, 'रूट'चा किती. रूट म्हणजे वायरीतला. तिच्या रिपोर्टमध्ये निम्म्याहून बराच जास्त वेळ रूटचा होता! हा कागद तिनं प्रिंट काढून, स्पायरल बाइंडिंग करून जमा केला होता. व्हायवात तिला विचारलं, ॲडर कोणता वापरलास. 'रूट' म्हणजे काय हे तिला कुणी विचारलं नाही, आणि तिनंही कुणाला विचारलं नाही. हा दुसरा अर्धा दोष आपला आहे, हे मी तिच्यासमोरच म्हटलंय, तेव्हा इथेही म्हणायला हरकत नाही.

भारत सरकारनं डिसेंबर २०२१ मध्ये सेमीकंडक्टरसाठी ७६,००० कोटींची योजना जाहीर केली. 'चिप्स टू स्टार्टअप' या कार्यक्रमात ८५,००० जणांना चिप डिझाइनमध्ये तयार करायचं लक्ष्य आहे. आकडा मोठा आहे, चांगलाच आहे. पण त्यातल्या कितीजणांना तो प्रश्न विचारल्यावर "चौपट" म्हणता येईल, हे ब्रँचचं नाव बदलून ठरणार नाही. ते ठरेल सेकंड इयरच्या लॅबमध्ये, शिडीच्या त्या एका प्रॅक्टिकलनं, आणि व्हायवातल्या "तुझ्या रिपोर्टमधला रूट डिले किती?" या एका प्रश्नानं. माझी मागणी एवढीच आहे. नवी इमारत नको, नवी मशिनरी नको. प्रत्येक प्रोजेक्टच्या मार्कांतले पाच मार्क वायरीला द्या.

रूममेटनं आणि तिच्या तीन ज्युनियर्सनी सरांकडे शनिवारी दोन तास लॅब मागितली. सर आधी "बघू" म्हणाले, मग हो म्हणाले. अट एकच, हे प्रॅक्टिकल जर्नलमध्ये धरलं जाणार नाही, मार्क मिळणार नाहीत. नोटीस बोर्डवर लावलेल्या कागदावर बुधवारपर्यंत अकरा नावं आली होती. बारावं माझं आहे. मास कॉमवाली चालते का, हे मी अजून सरांना विचारलेलं नाही.